फाशीच्या कैद्याला एकटं डांबता येतं का? कायदा काय सांगतो?

फाशी सुनावली की कैद्याची रवानगी थेट एकांत कोठडीत, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात तुरुंग प्रशासनाला तसा अधिकारच नाही.

एकांतवास ही वेगळी शिक्षा आहे आणि ती फक्त न्यायालय देऊ शकतं. तीही सश्रम कारावासासोबत, एकूण ३ महिन्यांपर्यंत आणि सलग १४ दिवसांहून अधिक नाही. नव्या भारतीय न्याय संहितेतही (कलम ११ व १२) ही तरतूद कायम आहे.

मग गोंधळ कुठे होतो? १८९४च्या तुरुंग कायद्याचं कलम ३० फाशीच्या कैद्याला इतरांपासून वेगळ्या कोठडीत ठेवायला सांगतं. तिहारमधील कैदी सुनील बत्रा याने याविरोधात दाद मागितली. वेगळी कोठडी म्हणजे एकांतवास नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७८ मध्ये स्पष्ट केलं. शिवाय अपील आणि दयेचा अर्ज निकाली निघेपर्यंत हे कलम लागूच होत नाही.

तरीही बेळगावच्या तुरुंगात फाशीचा एक कैदी सुमारे १० वर्षं एकांतवासात होता. तेही बत्रा निकाल समोर असताना! नोव्हेंबर २०२२ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाने याच मुद्द्यावर त्याची फाशी रद्द केली. आता त्याला किमान ३० वर्षांची जन्मठेप भोगावी लागेल.