एकाच घरातली अंतिम लढत

• सामना : ९ जानेवारी २०१२, सुपरडोम, न्यू ऑर्लीन्स. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदासाठी अलाबामा विरुद्ध एलएसयू (लुइझियाना स्टेट).

• वेगळेपण : दोन्ही संघ साउथईस्टर्न कॉन्फरन्स या कॉलेज-गटाचे, तेही एकाच पश्चिम विभागातले. ५ नोव्हेंबर २०११ रोजी एलएसयूने अलाबामाला त्यांच्याच मैदानावर जादा वेळेत ९-६ असे हरवले होते.

• निवड : मतदान आणि संगणकी क्रमवारी यांतून पहिले दोन संघ ठरत. कॉन्फरन्सचे विजेतेपद नसतानाही अलाबामा दुसरा आला. बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचा विजेता ओक्लाहोमा स्टेट तिसऱ्या क्रमांकावर राहून हुकला.

• निकाल : अलाबामा २१, एलएसयू ०. जेरेमी शेलीचे ५ फील्ड गोल (प्रत्येकी ३ गुण) आणि ट्रेंट रिचर्डसनचा एकमेव टचडाउन (६ गुण).

• बचावाची कमाल : एलएसयूला संपूर्ण सामन्यात जेमतेम ९२ यार्ड मिळाले. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांच्या बचावफळीचा हा अविस्मरणीय विजय.

• परिणाम : निवडीवरील नाराजीने बदलाच्या मागणीला बळ मिळाले. २०१४च्या हंगामापासून ४ संघांची, तर २०२४पासून १२ संघांची बाद फेरी सुरू झाली. विजेता मैदानावरच ठरावा, ही खेळाडूंची रास्त अपेक्षा त्यामुळे अधिक पूर्ण होते.