खिशातला गाण्यांचा संग्रह आणि तो सांभाळायचं काम

आज आपण अशा एका यंत्राबद्दल बोलणार आहोत, जे आता दुकानात नवं मिळत नाही, पण अनेकांच्या कपाटात अजून पडलेलं आहे. १६० जीबीचा आयपॉड क्लासिक. एवढी मोठी जागा असलेला प्लेअर आपल्या मालकीचा असणं म्हणजे नेमकं काय, हे याच एका उदाहरणावरून समजून घेऊ.

आधी जागेचा हिशेब. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं आपल्यापर्यंत पोचलं, ते एवढ्याच वेळात बसवलेलं. एलपी आली तेव्हा एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली, नव्वदच्या कॅसेटमध्ये पंचेचाळीस, सीडीत चौऱ्याहत्तर. म्हणजे गाणं किती लांबवायचं, हे दर वेळी त्या वस्तूनं ठरवलं.

मग २३ ऑक्टोबर २००१ ला अ‍ॅपलनं पहिला आयपॉड दाखवला. आत ५ जीबीची, १.८ इंचाची हार्ड डिस्क आणि खिशात १००० गाणी असा दावा. दावा हिशेबाला धरून होता. चार मिनिटांचं गाणं १६० केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये ४.८ एमबी होतं. भागाकार करून बघा. २००७ मध्ये ही जागा १६० जीबीपर्यंत गेली.

१६० जीबी म्हणजे किती? संगणकाला जोडला की तो १४९ दाखवायचा आणि लोकांना फसवल्यासारखं वाटायचं. फसवणूक नाही. बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, संगणक १०२४ च्या पटीत मोजतो. आता ३२० केबीपीएसची चांगली एमपीथ्री घेतली, तर एका तासाला १४४ एमबी लागतात. म्हणजे सुमारे ११०० तास. रोज एक तास ऐकलं तरी तीन वर्षं पुरेल. आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या लॉसलेस फाइली ठेवल्या, तर साधारण ५०० तास.

इथे यंत्राची एक खुबी सांगायला हवी. डिस्क सतत फिरत नाही. ती थोडा वेळ फिरते, पुढची गाणी छोट्या मेमरीत भरते आणि थांबते. पहिल्या आयपॉडमध्ये ही मेमरी ३२ एमबी होती. म्हणून चालताना गाणं अडकत नसे आणि बॅटरी टिकत असे. पण फाइली मोठ्या असल्या की मेमरी लवकर संपते, डिस्क पुन्हा पुन्हा फिरते, बॅटरी लवकर उतरते.

हे झालं यंत्राचं. आता मालकाचं काम.

आमच्या घरी शंभरेक कॅसेटी होत्या. काही विकतच्या, बऱ्याच गणेशोत्सवातल्या मैफिलींच्या, ओळखीच्यांकडून उतरवून घेतलेल्या. प्रत्येकीच्या कागदावर आमच्या वडिलांनी बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं: राग, ताल, साथीला कोण, गाव, साल. नव्वदची कॅसेट संगणकावर घ्यायला नव्वद मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. शंभर कॅसेटी म्हणजे १५० तास. आम्ही ते केलं. सगळं मिळून २२ जीबीसुद्धा भरलं नाही, आयपॉडचा सातवा हिस्सा. पण फाइलींना नावं काय दिली? ट्रॅक ०१, ट्रॅक ०२. नंतर लिहू म्हटलं. मध्ये घर बदललं, कॅसेटी रद्दीत गेल्या, कागदांसकट.

काही वर्षांनी आयपॉडची डिस्क टकटक वाजायला लागली आणि बंद पडली. त्याचं नुकसान झालं नाही, कारण फाइलींची दुसरी प्रत संगणकावर होती. पण त्यात एक मारवा आहे, तबला अप्रतिम आहे, आणि तो कोण वाजवतंय हे आज आम्हाला सांगता येत नाही. विचारायला वडील नाहीत. डिस्कची भरपाई झाली, नावाची झाली नाही.

आयपॉडमध्ये नावाचं महत्त्व आणखी जास्त आहे. गाणं त्यावर चढवलं की फाइल लपवलेल्या फोल्डरमध्ये जाते आणि तिचं नाव बदलून चार अक्षरांचं होतं. पडद्यावर आपल्याला दिसतं ते फाइलच्या आत लिहिलेलं, म्हणजे टॅगमधलं नाव. टॅगचे रकाने बनले गायक, अल्बम आणि गाणं या हिशेबानं. आपल्या संगीताला ते अपुरे पडतात, पण काम भागवता येतं. गाण्याच्या रकान्यात आधी राग, मग बंदिश आणि ताल. अल्बमच्या जागी मैफिलीचं गाव आणि साल. शेऱ्याच्या रकान्यात साथीदार. कॅसेट हातात असतानाच हे लिहा आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवा.

सप्टेंबर २०१४ मध्ये आयपॉड क्लासिकची विक्री थांबली. आता बरेच जण जुन्या आयपॉडमधली डिस्क काढून मेमरी कार्ड बसवून घेतात आणि तो मजेत वाजतो. जरूर करा. पण प्लेअरला कोठार समजू नका. तो ऐकण्याची प्रत. मूळ फाइली निदान दोन वेगळ्या ठिकाणी हव्यात, त्यातली एक घराबाहेर. विकतचं संगीत उद्या कुठेतरी पुन्हा मिळेलही. गणपतीतली ती मैफल दुसऱ्या कुणाकडे असेलच असं नाही.

जागा यंत्र देतं. त्या जागेत काय आहे हे पुढच्या माणसाला कळेल की नाही, ते आपल्यावर आहे. घरी गेल्यावर एक कॅसेट काढा आणि तिच्यापासून सुरुवात करा.