मधुमेह, मूत्रपिंड आणि झाडपाला

संगमनेरला आमचे चुलते मधुमेहासाठी जांभूळबियांची पूड आणि गोखरूचा काढा घेतात. त्याने मूत्रपिंडे वाचतात, असे मात्र अद्याप सिद्ध झालेले नाही. वनस्पतींत गुण नसतो, असे मी म्हणत नाही. सफरचंदाच्या झाडाच्या सालीत १८३५ साली ‘फ्लोरिझिन’ सापडले. त्यामुळे साखर लघवीवाटे बाहेर पडते. त्याच धर्तीवर घडविलेले डापाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावते, हे २०२० च्या चाचणीत दिसले. उलट, ईश्वरीच्या कुळातील वनस्पतीमुळे बेल्जियममध्ये अनेकांची मूत्रपिंडे निकामी झाली, हे १९९३ साली उघड झाले. तेव्हा मित्रहो, झाडपाला निरुपद्रवीच असतो, असे मानू नये. घरच्या मधुमेही माणसाचे रक्त व लघवीतील प्रथिने दरवर्षी तपासावीत. काढ्याखातर डॉक्टरांच्या गोळ्या सोडू देऊ नयेत.