पोरे पळवणारी टोळी

मुले पळवणारी टोळी आपल्या मुलखात शिरली आहे, तिची माणसे भिक्षेकऱ्याच्या वेषात हिंडतात आणि पोरांची मूत्रपिंडे काढून विकतात, ही वार्ता परभणी जिल्ह्यात सेलूच्या चहाच्या टपरीपासून गंगाखेडच्या बाजारापर्यंत इतक्या वेळा, आणि तीही इतक्या सुशिक्षित मुखांतून, कानी येते की तिचे खंडन करण्याचा आता वीट आला आहे; तरीही ते करणे प्राप्त आहे, कारण ह्या वार्तेने माणसे मारली आहेत.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजारास जमलेल्या जमावाने, भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, ज्यांतील बहुतेक मंगळवेढे तालुक्याचे होते, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार केले. कोणाचेही मूल पळवले गेलेले नव्हते. त्या काळात फिरलेल्या ज्या चित्रफितीत दुचाकीस्वार रस्त्यावरचे पोर उचलतात, ती मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीची असून, पोर परत आणून देण्याचा तिचा शेवट कोणी तरी कापून टाकला होता.

राहता राहिले मूत्रपिंड. ते म्हणजे बाजारात टोपलीत मांडावयाची वांगी नव्हेत! रक्तगट व ऊतींची जुळणी, सुसज्ज शस्त्रक्रियागृह, निष्णात शल्यविशारदांचा ताफा आणि शीतावस्थेतही सुमारे दीड दिवसाची मर्यादा, इतके सारे ज्या व्यवहारास लागते तो झोळीवाल्या माणसाने रानात बसून उरकावा, असे मानणाऱ्यास विज्ञानाचा पदवीधर म्हणवून घेण्याचा अधिकार नाही. अवयवांच्या काळ्या व्यापाराची जी प्रकरणे उघडकीस आली, त्यांत गरिबाला पैशाचे आमिष दाखवणारे दलाल आणि खोटी कागदपत्रे सापडली, झोळीवाले नव्हे.

"मग अपहरणाचे सरकारी आकडे एवढे मोठे कसे?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की बेपत्ता बालकाची प्रत्येक फिर्याद गुन्हा म्हणूनच नोंदवावी. तेव्हापासून बापाशी भांडून पुण्यास निघून गेलेला पोरगाही दफ्तरी अपहृत ठरतो. व्यवस्था योग्यच आहे, परंतु तिच्या आकड्यांतून टोळी सिद्ध होत नाही. उलट राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात की मुलांवरील लैंगिक अत्याचारांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडिताच्या परिचयाचेच असतात. ही गोष्ट मात्र टपरीवर कोणी काढीत नाही.

क्षुल्लक समजुतींची वासलात लवकर लागते. रुमाल हुंगवताच माणूस कोसळत नाही; क्लोरोफॉर्मही त्यासाठी काही मिनिटे सतत हुंगवावा लागतो. दारावरील खडूची खूण बहुधा पोलिओ मोहिमेच्या कर्मचाऱ्याची असते, चोराची नव्हे.

डवरी गोसावी, वासुदेव, पोतराज, नंदीबैलवाले ह्यांचा फेरा मराठवाड्यास पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. बहुरूपी तर खुद्द फौजदाराचाच वेष घेऊन येतो! तरीही अनोळखी इसमाविषयी शंका आल्यास शहानिशेची सोय गावातच आहे. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेला पोलीस पाटील त्याचसाठी आहे. कायदा हाती घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की जात, जन्मस्थान, भाषा वा तत्सम कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ (२) अन्वये प्रत्येकास मृत्युदंड वा जन्मठेप आहे, आणि ही संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलात आहे.

तेव्हा असा संदेश आला तर तो पुढे न ढकलता पोलीस पाटलास दाखवावा. शंका प्रत्यक्ष माणसाविषयी असेल तर ११२ वर, मूल खरोखर संकटात असेल तर १०९८ वर कळवावे. आणि पोलीस येईपर्यंत त्या माणसास हात लावू नये, इतरांसही लावू देऊ नये.