जिममधला नवा वस्ताद

रमजान लागला की गावातल्या जिमचे घड्याळ बदलते. संध्याकाळी जिथे डंबेल्ससाठी थांबावे लागते तिथे शुकशुकाट असतो आणि रात्री तरावीहची नमाज आटोपली की मुले टॉवेल खांद्यावर टाकून येऊ लागतात. काही मालक महिनाभर शटर उशिरापर्यंत उघडे ठेवतात. या उलथापालथीत सर्वांत जास्त तारांबळ उडते ती नुकत्याच कामाला लागलेल्या ट्रेनरची. सकाळची बॅच घ्यायची, दुपारी डोळा लागला तर लागला, रात्री पुन्हा हजर. तो स्वतः रोजेदार असेल तर विचारायलाच नको.

पर्सनल ट्रेनर म्हणजे एकेका माणसाला समोर घेऊन, त्याच्या प्रकृतीच्या बेताने व्यायाम शिकवणारा. मुंबई-पुण्याचा हा व्यवसाय आता तालुक्याच्या गावातही रुजू लागला आहे. सुरुवात बहुधा एकाच पद्धतीने होते. चार वर्षे नेमाने जिमला येणारा, दंड कमावलेला मुलगा मालकाच्या नजरेत भरतो. ‘उद्यापासून नव्या पोरांना दाखवत जा,’ असे मालक म्हणतो आणि मुलाच्या टी-शर्टवर ‘ट्रेनर’ हे अक्षर चढते. घरी मात्र हे काम म्हणजे नोकरी लागेपर्यंतचा उद्योग समजला जातो. स्थळ पाहायला आलेल्यांनी ‘मुलगा काय करतो?’ असे विचारले की वडिलांची पंचाईत होते.

खरे तर हा व्यवसाय आपल्याकडे जुना आहे आणि त्याचे शब्द चांगले भारदस्त आहेत. ‘तालीम’ हा अरबी शब्द; अर्थ शिक्षण. उर्दूत आजही शाळा-कॉलेजच्या शिक्षणाला तालीमच म्हणतात. मराठीने तो शब्द उचलून लाल मातीत नेऊन ठेवला. (नाटकवाल्यांनीही घेतला, पण ती गोष्ट वेगळी.) वस्ताद म्हणजे फारसी उस्ताद, शिकवणारा. पैलवान फारसी, खुराक फारसी, कसरत अरबी. मारुतीच्या तसबिरीला नमस्कार करून जोर काढणाऱ्या मुलाच्या तोंडी हे सगळे शब्द इतके घरचे झाले आहेत की त्यांचे मूळ गाव कुणी विचारत नाही.

बडोद्यात जुम्मादादा नावाचे असेच एक मुसलमान वस्ताद होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेले माणिकराव पुढे ‘राजरत्न’ म्हणून गाजले. त्यांनी वाढवलेल्या संस्थेचे नाव गुरूचेच राहिले : जुम्मादादा व्यायाम मंदिर. माणिकरावांकडे १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गुणे नावाचा एक तरुण शिकला. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू करून योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजायला घेतला. आखाड्यापासून प्रयोगशाळेपर्यंतची ही वाट तीन पिढ्यांत चालून झाली. अंगात ताकद असलेली माणसे त्या काळी पुष्कळ असतील. या तिघांची नावे राहिली ती त्यांनी दुसऱ्यांना शिकवले म्हणून.

नव्या ट्रेनरची अडचण नेमकी इथे असते. त्याला स्वतःचे शरीर ठाऊक असते. बावीस वर्षांचे, निरोगी, पडले तरी उठणारे. आणि समोर येतात पन्नाशीतले बँक कर्मचारी, गुडघे धरलेल्या शिक्षिका, बाळंतपणानंतर कंबर दुखणारी सून, मधुमेहाच्या गोळ्या घेणारे दुकानदार. या माणसांना आपलाच तक्ता देऊन चालत नाही. वस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहिलेला चेला हे बघून बघून शिकत असे. आज तेवढा अवकाश नाही, म्हणून अभ्यासक्रमाला पर्याय नाही.

तो उपलब्धही आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हे काम करते; तिथले शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय अनेकांना माहीत असते. मात्र बीपीएड ही मुख्यतः शाळेतल्या क्रीडाशिक्षकाची पदवी. जिमसाठी वेगळी प्रमाणपत्रे असतात. केंद्र सरकारच्या कौशल्य विकास योजनेत खेळ व फिटनेस क्षेत्रासाठी स्वतंत्र कौन्सिल आहे आणि तिच्या यादीत फिटनेस ट्रेनरचे काम आहे. ‘एस’ आणि ‘एसीएसएम’ या अमेरिकी संस्थांच्या परीक्षांना अठरा वर्षे पूर्ण लागतात. त्याशिवाय, हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला जगवण्याचे, म्हणजे सीपीआरचे, प्रशिक्षणही झालेले असावे लागते. ही अट अनेकांना जाच वाटते. पण चार भिंतींच्या आत पन्नाशीची माणसे धापा टाकत असताना हे येणारा एक तरी माणूस हजर असायलाच हवा. दोन दिवसांत घरपोच मिळणाऱ्या प्रमाणपत्रांपासून दूर राहिलेले बरे. ती भिंतीवर शोभतात, एवढेच.

अभ्यासात पहिला धडा विचारण्याचा असतो. ‘पार-क्यू’ नावाची कॅनडात तयार झालेली सात प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते. हृदयविकार आहे का, श्रम करताना छातीत दुखते का, चक्कर येते का, सांध्याचा त्रास आहे का, रक्तदाबाची औषधे चालू आहेत का, असे साधे प्रश्न. एकाचेही उत्तर ‘होय’ आले तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. गावात हे प्रश्न विचारायला ट्रेनर संकोचतो. समोरचा वडीलधारा असतो, ओळखीचा असतो, कधी आपल्याच मास्तरांपैकी असतो. ‘काका, बीपीची गोळी घेता का?’ हे विचारताना जीभ अडते. ती अडू न देणे हे या धंद्यातले पहिले कसब.

आणि ते कसब रमजानमध्ये पुरेपूर कसाला लागते. सध्याच्या हंगामात आपल्याकडे रोजा तेरा-चौदा तासांचा असतो. निरोगी तरुणाला हलका व्यायाम इफ्तारच्या आधीच्या तासाभरात जमतो, कारण लगेच पाणी मिळणार असते. जड वजने उचलायची तर इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी, पोटात थोडे अन्न आणि पुरेसे पाणी गेल्यावर. महिनाभर नवे विक्रम करायचे नाहीत, कमावलेले टिकवायचे. भजी आणि सरबतावर ताव मारून धावायला येणाऱ्याला खुर्चीवर बसवून ठेवायचे. इथपर्यंत सोपे आहे.

अवघड प्रसंग वेगळा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे गृहस्थ म्हणतात, ‘बेटा, रोजा पण सोडणार नाही आणि व्यायाम पण नाही.’ उपाशीपोटी श्रम झाले तर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, बोलणे असंबद्ध होते. आजाऱ्याला रोजातून सवलत आहे, हे त्या गृहस्थांना ट्रेनरपेक्षा जास्त ठाऊक असते. तेव्हा त्याने धर्मही सांगू नये आणि औषधही. ‘चाचा, डॉक्टरांनी लिहून द्यावे, मग मी शिकवतो,’ एवढे म्हणावे. क्लायंट रागावून गेला तर त्या महिन्याची फी जाते. ज्याच्या हाती मोजके सहा-सात क्लायंट आहेत त्याला ती फी म्हणजे खोलीचे भाडे असते. तरीही हेच म्हणायचे.

हे एकदा जमले की ते वर्षभर उपयोगी पडते. नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्यावर असणाऱ्या ताई, एकादशीला शनिवार जोडून घेणारे आजोबा, पर्युषणात उपवास करणारे जैन व्यापारी हे सगळे त्याच जिममध्ये येतात. रमजानही दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतो. मिश्र वस्तीच्या गावातल्या ट्रेनरला पंचांग आणि चाँद दोन्ही बघून तक्ता आखावा लागतो.

मुलींसाठी तर या क्षेत्रात मोठी जागा मोकळी आहे. दुपारची महिलांची बॅच सुरू करायची मालकाची तयारी असते, पण शिकवणारी बाई मिळत नाही. बुरखा घालून येणाऱ्या आणि पदर सांभाळत येणाऱ्या, दोघींनाही पुरुष ट्रेनरने हात धरून पवित्रा सुधारलेला नको असतो. वजने उचलली की बाई ‘पैलवान’ दिसू लागेल ही भीतीही दोघींची सारखीच. जागतिक आरोग्य संघटना तर स्त्री-पुरुष दोघांनाही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते, चालणे-फिरणे वेगळे.

पैशांचे म्हणाल तर सुरुवातीचा पगार बेताचा असतो. खरी मिळकत स्वतंत्र शिकवणीची, आणि तिच्यातलाही वाटा मालकाकडे जातो. किती, हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्यावे. जानेवारीत गर्दी, लग्नसराईआधी गर्दी, परीक्षांत आणि रमजानमध्ये ओहोटी. या ओहोटीत मोह होतो तो पावडरच्या डब्यांचा. डब्यामागे कमिशन मिळते. प्रौढ माणसाला किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, असे आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. जड व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त. डाळ, दही, अंडी, शेंगदाणे, हरभरे यांतून ती भागतात, आणि सहरीच्या ताटात यातले काय काय बसते हे सांगायला डबा लागत नाही. इंजेक्शनांचे तर नावच नको. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे आहेत आणि ट्रेनर चिठ्ठी लिहीत नाही.

ईद झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मंडळी परततात. पोटात शीरखुर्मा, मनात अपराधी भावना आणि महिन्यापूर्वीची वजने एका दिवसात उचलण्याची घाई. जाणता ट्रेनर त्या दिवशी बारवरच्या चकत्या स्वतःच्या हाताने काढून निम्म्यावर आणतो. शेजारची मुले हसली तरी.