प्रश्न मुलाचा, उत्तरदायित्व घराचे

मूल वाढू लागले की त्याच्या अभ्यासाची, प्रकृतीची आणि संगतीची चौकशी घरातील सर्व वडीलधारी माणसे करतात. परंतु वयात येताना काही मुलांच्या मनात असा एक प्रश्न उभा राहतो की, तो कोणाजवळ बोलावा हेच त्यांना कळत नाही. ज्याला सारे जण मुलगा म्हणून हाक मारतात, त्याला अंतर्यामी आपण मुलगी आहोत असे वाटते. जिला मुलगी म्हणून वाढविले, तिला आपण मुलगा आहोत असे वाटते. काहींना तर या दोन्ही संज्ञा आपल्या नव्हेत असे जाणवते. अशा व्यक्तींसाठी आज मराठीत पारलिंगी हा शब्द वापरला जातो. तृतीयपंथी हा शब्द अधिक परिचित आहे. तथापि प्रत्येक पारलिंगी व्यक्ती घर सोडून एखाद्या गुरूच्या परंपरेत जातेच असे नाही. पुष्कळांना आपल्याच घरात, आपल्याच माणसांत राहावयाचे असते.

ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. महाभारतातील शिखंडी आणि बृहन्नडा यांच्या कथा आपण आदराने ऐकतो. मात्र तसाच प्रश्न आपल्या माजघरात आला की आपण कानांवर हात ठेवतो. 2011 च्या जनगणनेत देशातील 4,87,803 व्यक्तींची नोंद स्त्री व पुरुष यांखेरीज ‘इतर’ या सदरात झाली. त्यांतील 6,591 छत्तीसगडमधील होत्या. ज्यांनी भीतीने किंवा संकोचाने आपली नोंद तशी केली नाही, ते या आकड्यांत अर्थातच आलेले नाहीत.

हा रोग आहे काय, असे आईबाप प्रथम विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाची जी अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून अमलात आणली, तीत ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून टाकली आहे. म्हणून तिला बरे करण्याचे औषध शोधणे व्यर्थ होय. मात्र एकटेपणा, उपहास आणि घरातून हाकलले जाण्याची भीती यांनी मन खचते, आणि त्या खचलेल्या मनाला आधाराची नितांत आवश्यकता असते.

रायपूरचे उदाहरण

हा आधार कसा उभा राहू शकतो, हे पाहण्यास रायपूर हे चांगले उदाहरण आहे. भोसल्यांच्या राजवटीपासून या शहराचा मराठी माणसाशी संबंध आहे. 1956 पर्यंत नागपूर हीच येथील प्रांताची राजधानी होती, आणि आजही येथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने नांदत आहेत. 2000 साली रायपूर छत्तीसगड राज्याची राजधानी झाले.

येथील मितवा या संस्थेने आणि तिच्या कार्यकर्त्या विद्या राजपूत यांनी पारलिंगी व्यक्तींसाठी अनेक वर्षे काम केले आहे. 30 मार्च 2019 रोजी रायपुरात 15 पारलिंगी वधूंचे विवाह एकाच मांडवात लागले. लग्नाचा मांडव हे आपल्याकडे समाजमान्यतेचे चिन्ह समजले जाते. म्हणूनच या सोहळ्याचे महत्त्व मोठे. त्यानंतर 2021 साली छत्तीसगड पोलीस दलात 13 पारलिंगी उमेदवारांची शिपाई म्हणून निवड झाली आणि 2022 साली ‘बस्तर फायटर्स’ या दलात आणखी 9 जण निवडले गेले. त्यांनी इतरांप्रमाणेच परीक्षा देऊन गणवेश मिळविला. याच राज्यात रायगड नगरीच्या मतदारांनी 2015 च्या आरंभी मधुबाई किन्नर यांना महापौरपदी निवडून दिले होते.

या घटनांचा खरा लाभ वेगळाच आहे. ज्या मुलाला आपल्यापुढे टाळी वाजवून पैसे मागण्याखेरीज दुसरी वाट नाही असे वाटत होते, त्याला शिक्षण, परीक्षा आणि नोकरी ही वाट आपल्यासाठीही खुली असल्याचे दिसले.

कायद्याचा आधार

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल देताना पारलिंगी व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले. या प्रकरणात महाराष्ट्रातील लक्ष्मी नारायण त्रिपाठी व गौरी सावंत यांनीही न्यायालयात दाद मागितली होती. पुढे 2019 साली संसदेने पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचे संरक्षण करणारा कायदा केला आणि तो 10 जानेवारी 2020 पासून अमलात आला. शिक्षण, नोकरी व आरोग्यसेवा यांत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. केवळ पारलिंगी आहे म्हणून मुलाला आईबापांपासून वेगळे करता येणार नाही आणि त्याला घरात राहण्याचा हक्क आहे, हेही या कायद्याने स्पष्ट केले.

ओळखपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची पद्धत या कायद्याने घालून दिली. अज्ञान मुलाचा अर्ज आईबापांनी किंवा पालकांनी करावयाचा असतो. अशा तरतुदी वेळोवेळी बदलतात; म्हणून अर्ज करण्यापूर्वी लागू असलेले नियम जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारून घ्यावेत.

मदत कोठे मागावी

मन अस्वस्थ असेल तर 14416 या ‘टेलिमानस’ क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही शासकीय सेवा 2022 साली सुरू झाली असून ती विनामूल्य आहे. कायदेविषयक सल्ल्यासाठी 15100 हा विधी सेवेचा क्रमांक आहे, तर संकटात सापडलेल्या बालकांसाठी 1098 हा क्रमांक आहे. रायपुरात प्रत्यक्ष डॉक्टरांना भेटावयाचे असल्यास डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय आणि एम्स या दोन्ही शासकीय रुग्णालयांतील मानसोपचार विभागात जाता येते. तेथे जाणे म्हणजे वेडाचा शिक्का मारून घेणे नव्हे. आपले म्हणणे जाणत्या माणसासमोर निर्भयपणे मांडणे होय.

ज्या प्रौढ व्यक्तींना घर सोडावे लागले आहे, त्यांच्यासाठी केंद्र शासनाने 2020 साली ‘गरिमा गृह’ ही योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात देशात अशी 12 निवासगृहे निघाली आणि त्यांतील एक रायपूरच्या वाट्याला आले. निवारा, भोजन, वैद्यकीय मदत आणि व्यवसायशिक्षण हा त्या योजनेचा हेतू. प्रवेशाची सद्यःस्थिती समाज कल्याण विभागाकडे विचारावी.

आईवडिलांनी काय करावे

तथापि कोणतीही योजना घराची जागा घेऊ शकत नाही. मुलाने मन मोकळे केले तर प्रथम शांतपणे ऐकून घ्यावे. त्याच क्षणी सर्व समजलेच पाहिजे असे नाही. ‘मला हे नवे आहे, पण तू माझाच आहेस आणि आपण मिळून समजून घेऊ,’ एवढे आईचे शब्द मुलाला सावरण्यास पुरेसे असतात. घरात कोणत्या नावाने हाक मारावी, कोणते कपडे आवडतात, हे त्यालाच विचारावे. त्याच्या संमतीवाचून ही गोष्ट काका-मावशींच्या कानांवर घालू नये.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. ‘लग्न करून दिले की सारे ठीक होईल’ ही समजूत घातक आहे. तिच्यापायी एकाऐवजी दोन आयुष्यांची धूळधाण होते. मांत्रिकाकडे नेऊ नये, मारहाण करू नये. मुलाची ओळख बदलून देतो असे सांगणाऱ्या डॉक्टरापासूनही दूर राहावे. असले उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 साली स्पष्ट केले आहे.

मुलांनाही एक सांगावेसे वाटते. आपण कोण आहोत याचे उत्तर आजच्या आज दिले पाहिजे असे बंधन कोणावरही नाही. केस, कपडे, नाव यांबाबत मन काय म्हणते ते सावकाश पाहता येते. परंतु कोणाच्या सांगण्यावरून संप्रेरकांच्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नयेत, की अकुशल माणसाच्या हाती आपला देह देऊ नये. त्यात प्राणांवर बेतते. औषध वा शस्त्रक्रिया प्रत्येकाला हवीच असते असे नाही, आणि हवी असेल तेव्हा ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी. शाळा मात्र सोडू नये; पुढील स्वातंत्र्य पुष्कळ अंशी शिक्षणावरच अवलंबून असते.

न्यायालयाने हक्क दिले, शासनाने निवारा दिला, पोलीस दलाने गणवेश दिला. परंतु रात्री मूल जेवले की नाही हे पाहणारे माणूस घरातच असावे लागते. ज्या घरात हे माणूस असते, त्या घरातील मुलाला निवारा शोधीत परगावी जावे लागत नाही.