हळदकुंकवाच्या पानावरचे ठिपके: निदान कसं करायचं, आणि मी कशी चुकले

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. ऑगस्टमधल्या एका सकाळी मी गच्चीवरच्या ४० कुंड्यांमधली डागाळलेली पानं कात्रीने कापली आणि कचऱ्याच्या पिशवीत भरली. वहीत लिहिलं, 'बुरशीजन्य पानठिपके. बाधित पानं काढून टाकली.' वेळेवर कारवाई केली म्हणून स्वतःचं कौतुकही वाटलं. दुपारी सिनियर ताई वर आली, पिशवीकडे बघून एवढंच म्हणाली, "पानं उलटून बघितली होतीस का गं?"

नव्हती बघितली. पिशवी पुन्हा उघडली तेव्हा पानांच्या खालच्या बाजूला १९ अंडी आणि ७ बारक्या अळ्या निघाल्या. माझा प्रयोगच मुळी झाडावरची अंडी मोजण्याचा होता. ज्या फुलपाखरावर मी संशोधन करत होते, त्याच्याच खुणांना मी 'रोग' ठरवलं होतं. त्या आठवड्याचा डेटा रद्द करावा लागला.

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेट किंवा नेट-सेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहीत असाल. झाड कुठलंही असो, निदानाची पद्धत तीच असते. म्हणून माझ्या चुकीवरूनच ती समजावून सांगते.

आधी झाडाची ओळख

हळदकुंकू, काही जण याला कुरकी म्हणतात, म्हणजे अ‍ॅस्क्लेपियास कुरासाव्हिका. मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं हे झाड आता आपल्याकडे बागेत आणि ओढ्याकाठीही दिसतं. आपली रुई याचीच नातलग. दोन्हींत पांढरा चीक असतो आणि दोन्हींवर बिबळ्या कडवा हे फुलपाखरू अंडी घालतं. या झाडांतली हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं अळी स्वतःच्या अंगात साठवू शकते, त्यामुळे पक्ष्यांना ती नकोशी होते. उत्तर अमेरिकेत मोनार्क फुलपाखरासाठी लोक हीच मंडळी अंगणात लावतात.

म्हणजे या झाडाची पानं खाल्ली जावीत म्हणूनच आपण ते लावतो. निदान अवघड होतं ते इथेच. गुलाबावर भोक दिसलं तर वाईट बातमी, हळदकुंकवावर भोक दिसलं तर ती चांगली बातमी असू शकते. एक सूचना मात्र आधीच देते: चीक डोळ्यात गेला तर डोळ्याच्या बुबुळाला इजा होते. हातमोजे घाला.

औषधाआधी तीन प्रश्न

*१. डाग पुसला जातो का?* ओल्या कापसाने पुसून बघा. काळा थर निघून आला आणि खाली हिरवं पान दिसलं, तर ती काजळी. मावा जो गोड चिकटा टाकतो त्यावर ही बुरशी वाढते, ती पानात शिरत नाही. वरच्या तुटलेल्या पानातून गळून वाळलेला चीकही लांबून ठिपक्यासारखा दिसतो. असे 'ठिपके' पहिल्या मिनिटात बाद होतात.

*२. पानाखाली कोण आहे?* दहापट भिंग घ्या. बिबळ्याचं अंडं जेमतेम मिलीमीटरभर, फिकट पांढरं, उभ्या रेषांचं आणि बहुधा एकेकटं असतं. नवजात अळी आधी अंड्याचं कवच खाते, मग पानाचा खालचा थर खरवडते आणि बारीक भोकं पाडते. मोनार्कची लहान अळी तर चिकाचा प्रवाह तोडण्यासाठी पानावर गोल चर खणते आणि मग आतला भाग खाते. असं भोक इतकं गोल असतं की वाळून गळून पडलेल्या ठिपक्याची जागाच वाटावी. शिरा कापून चीक थोपवण्याच्या कीटकांच्या या युक्तीवर डुसर्ड आणि आयस्नर यांचा १९८७ मधला 'सायन्स'मधला लेख प्रसिद्ध आहे, जरूर वाचा.

पिवळाधमक, काळ्या पायांचा घोळका शेंड्यावर दिसला तर तो कण्हेरीवरचा मावा, एफिस निरिआय. माद्या नराशिवाय थेट पिल्लं देतात, म्हणून संख्या झपाट्याने वाढते. त्यात काही फुगलेले, तपकिरी, न हलणारे मावे दिसले तर ते तसेच राहू द्या. त्यांच्या आत परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय.

पानावर पिनेच्या टोकाएवढे असंख्य फिकट बिंदू आणि खाली बारीक जाळं असेल तर कोळीचा संशय घ्या, विशेषतः कोरड्या उन्हाळ्यात. पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले तर ते कोळी.

*३. नक्षी कशी आहे?* एक पान बघू नका, अख्खं झाड बघा, मग सगळ्या कुंड्या बघा. खालची जुनी पानं सगळ्याच कुंड्यांत एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता असू शकते. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्यांना देतं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोहाकडे बघा. जिवंत कारण असेल तर ते सहसा एका जागेपासून पसरतं आणि डाग लहानमोठे असतात.

आता खरे ठिपके

तिन्ही चाळण्यांतून जे उरतं तेवढंच बुरशी किंवा जिवाणूचं खातं. रुईच्या पानांवर पॅसालोरा कॅलोट्रोपिडिस ही बुरशी ठिपके पाडते; जुन्या पुस्तकांत ती सर्कोस्पोरा या नावाने सापडेल. बुरशीचा संशय असेल तर पान झाकणाच्या डब्यात ओल्या टिश्यूपेपरवर एक-दोन दिवस ठेवा. ठिपक्यावर वाढ आली की तिची स्लाइड करून बीजाणू बघा.

जिवाणूंचे डाग बहुधा पाणी मुरल्यासारखे आणि शिरांनी अडवल्यामुळे कोनदार असतात. डागाची कड पाण्याच्या थेंबात कापली की सूक्ष्मदर्शकाखाली दुधाळ लोट बाहेर येताना दिसतो. पण थांबा, या झाडाला चीक आहे! निरोगी पान कापलं तरी दुधाळच काहीतरी येणार. म्हणून शेजारी निरोगी पानाची स्लाइड हवीच. कंट्रोल कशासाठी असतो, असं व्हायव्हात विचारलं तर हे उदाहरण खुशाल द्या.

सापडला म्हणजे गुन्हेगार नव्हे

समजा प्लेटवर अल्टरनेरिया आली. लगेच 'अल्टरनेरियाचे ठिपके' असं लिहायचं का? नाही. मेलेल्या पेशींवर अल्टरनेरिया आयती येऊन बसते. अपघाताच्या जागी जमलेल्या गर्दीतला तो एक माणूस असू शकतो. म्हणून डागाच्या मधोमध न कापता निरोगी आणि बाधित भागाच्या सीमेवरचा तुकडा घ्यायचा, सोडियम हायपोक्लोराइटने वरून निर्जंतुक करायचा, निर्जंतुक पाण्याने धुवायचा आणि मग माध्यमावर ठेवायचा.

पुढे रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कसोट्या: तो जीव प्रत्येक बाधित झाडात आढळला पाहिजे, शुद्ध स्वरूपात वाढवता आला पाहिजे, निरोगी झाडाला दिल्यावर तोच रोग झाला पाहिजे आणि त्या झाडातून तोच जीव परत मिळाला पाहिजे. भुरीसारख्या बुरशा किंवा विषाणू माध्यमावर वाढतच नाहीत, तिथे दुसरे पुरावे शोधावे लागतात.

चुकीच्या निदानाची किंमत

शेतात चुकीची फवारणी झाली तर पैसे वाया जातात. इथे आपण ज्यासाठी झाड लावलं तेच मरतं. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध पानात मुरतं, वरून धुऊन निघत नाही. 'जैविक' शब्दावरही विसंबू नका: बीटीचे अळ्यांसाठीचे प्रकार अळ्या मारण्यासाठीच असतात आणि निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. मावा असेल तर आधी अंडी-अळ्या तपासा आणि बोटांनी किंवा पाण्याच्या बारीक धारेने काढा. पाणी पानांवर न घालता मुळाशी घाला, कुंड्यांत अंतर ठेवा. पान काढायचंच असेल तर आधी उलटा.

माझ्या त्या पिशवीचं पुढे काय झालं? बहुतेक 'ठिपके' म्हणजे अळ्यांची भोकं आणि काजळी निघाली. खरे तपकिरी ठिपके मोजक्याच पानांवर होते. त्यांतून अल्टरनेरिया मिळाली, पण निरोगी झाडांना दिल्यावर ठिपके आलेच नाहीत. गाईडनी विचारलं, "मग काय लिहिणार?" मी लिहिलं, 'कारण सिद्ध झालं नाही.' त्यांनी त्या ओळीखाली सही केली.

त्या दिवसापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत: डावीकडे 'काय दिसलं', उजवीकडे 'मला काय वाटतं'. ऑगस्टच्या त्या सकाळी मी थेट उजवा रकाना भरला होता. तुम्ही पहिल्या दिवसापासून डावा आधी भरा.